शामकलाचा डावा हात

आंबाटोल्याच्या शामकलाला एक खोड होती. कुणाच्या घरी गेली, की आधी भुई बघायची. सारवण कसं आहे, यावरून त्या घरच्या बाईचा अख्खा स्वभाव सांगायची, आणि बरेचदा तो बरोबरही निघायचा.

२००७ च्या हिवाळ्यात धानाची कापणी आटोपली आणि नागपूरच्या साहेबांनी गावाबाहेर, जुन्या नगराच्या पडक्या मातीच्या कोटाला लागून खोदकाम काढलं. बाया मजुरीवर गेल्या. बाकीच्या घमेली उचलायच्या आणि घरी यायच्या. शामकलाच्या डोक्यातून मात्र तो खड्डा जाईना. पंधराव्या दिवशी, पुरुषभर खाली, तिच्याच खुरपीला एका घराची भुई लागली. चूल, उंबऱ्याचा दगड आणि तीन मोठे रांजण, तळाशी धानाचे काळे पडलेले दाणे. दोन हजार वर्षांपूर्वीचं घर, असं साहेब म्हणाले.

"पण कोन बाई राहे इथं?" तिनं विचारलं.

साहेब हसले. "नाव थोडंच लिहून ठेवलंय?"

हे उत्तर काही तिला पटलं नाही.

मग एके दिवशी मोठे अधिकारी खोदकाम बघायला येणार होते. उन्हानं भुईला भेगा पडलेल्या. पाहुणे येणार आणि भुई अशी? छे! सकाळी सगळ्यांच्या आधी शामकला शेणाची बादली घेऊन खड्ड्यात उतरली आणि उंबऱ्यालगतच्या कोपऱ्यातून सारवायला बसली.

साहेबांनी येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, काय केलंत हे! पुरावा गेला सगळा! उद्यापासून कामावर येऊ नका."

शामकलाला मजुरी काय, दुसरीकडेही मिळाली असती. पण या घरातली बाई कोण, ते कळायचं आता कायमचं राहून जाणार होतं. डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंड काही बंद होईना.

"कोपराच सारवला साहेब, हातभर. पानी पडलं तशी खालची जुनी बोटं दिसाले लागली, मंग थांबली मी. अन् हे बोटं आमच्या बायांसारखे नाई फिरत."

"मग कशी?" साहेब रागातच वाकले. ओल्या कडेला खरंच बोटांच्या बारीक रेघा होत्या, कमानीला लागून कमान.

दाखवायचं तर डावा हात पुढे करावा लागणार होता. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हातानं सारवताना सासूनं, जमुनाबाईनं, पाहिलं आणि त्याच हातावर पळी हाणली होती. "डेबरी कुठली! अशानं लक्ष्मी येईन का घरात?" तेव्हापासून बावीस वर्षं ही डावखुरी शामकला चारचौघांत उजव्यानं सारवत आली, एकटी असली की डाव्यानं. आणि आज पाहुणे बघायला जमलेल्या गर्दीत, खड्ड्याच्या काठावर, जमुनाबाई उभीच होती.

शामकलानं पदर खोचला, उकिडवी बसली आणि डावा हात पुढे केला. भुईला न टेकवता रेघांवरून फिरवला. एक कमान, दुसरी, तिसरी, मागे सरकत थेट उंबऱ्यापर्यंत. एकही रेघ हाताला चुकली नाही.

साहेबांनी वही उघडली. "उद्या या," एवढंच म्हणाले.

पण शामकलाचं लक्ष वर, काठावरच्या सासूकडे होतं. शामकला हसत होती की रडत होती, कोण जाणे.

"आत्याबाई, डेबरी होती न हे बाई!" ती ओरडली. "अन् तीन रांजण धान होतं तिच्या घरी!"