एका सीटचं स्थळ

मला बघायला आलेले बाकी सगळे रिक्षाने आले, पोहे खाल्ले आणि ‘कळवतो’ म्हणून रिक्षानेच गेले. मोटारसायकलवरून आलेला हा एकटा. त्याचे आईवडील मात्र रिक्षाने आले, कारण मोटारसायकलवर दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या इमारतीखाली ती लालभडक वस्तू उभी राहिली आणि तिन्ही मजल्यांच्या बायका गॅलरीत आल्या. मीसुद्धा मुलाच्या आधी गाडीच पाहिली, खोटं कशाला बोलू.

नोकरीबद्दल विचारलं तर गडी तीन शब्दांत आटपला : ठाण्याला कारखान्यात टर्नर. गाडीबद्दल विचारल्यावर मात्र नळ सुटला. इटलीतल्या कुठल्याशा कंपनीने म्हणे एका जुन्या जगज्जेत्या शर्यतवीराच्या सन्मानार्थ मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. टाकीवर त्याची सही, बाजूला त्याचा शर्यतीतला आकडा आणि सीट एकच, कारण शर्यतीत मागे कोणी बसत नाही. कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकाचं एक सुटं पान याच्या हाती लागलं आणि डोकं फिरलं. खरी गाडी घ्यायची तर आमची अख्खी इमारत विकावी लागली असती. म्हणून याने शंभर सीसीची जुनी देशी गाडी घेतली आणि दोन वर्षांचे रविवार घालून तिची इटालियन केली. फायबरची बॉडी मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात, साचा करून, ओतून घेतली. मूर्तिकाराचाच हात तो, त्यामुळे गाडीला पुढून थोडं पोट सुटलं होतं.

“पानावर फोटो डाव्या बाजूचाच होता,” तो म्हणाला. “उजवी बाजू मी अंदाजाने केली.”

“म्हणजे डावी बाजू इटलीची आणि उजवी डोंबिवलीची,” मी म्हणाले.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने विनोद करायचे नसतात. आईने मागून असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. तो मात्र खो-खो हसला आणि म्हणाला, “म्हणून तर मी उजवी बाजू भिंतीला लावून उभी करतो.” तिथेच मला तो आवडला.

माझे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण दुसऱ्याच्या कागदातली त्रुटी काढायची खोड निवृत्त झाली नव्हती. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “ते सगळं ठीक. लग्नानंतर मुलगी बसणार कुठे?”

उत्तरही त्यांनीच दिलं.

“मागे एक सीट बसवून घ्या. आमची दुसरी काही अट नाही.”

“मूळ गाडीला नाहीये,” तो म्हणाला.

“मूळ गाडीला बायकोही नाहीये,” वडील म्हणाले.

बैठक तिथेच उठली. नंतर महिनाभर दोन्हीकडून ताठा. हा सीट बसवेना आणि वडील होकार देईनात. मला दोघांचाही मनस्वी राग आला. एका सीटवरून माझं लग्न अडलं होतं आणि मला कोणी विचारतही नव्हतं. मला तो हवा होता. इतकं साधं होतं, पण घरात हे वाक्य बोलायची सोय नव्हती.

मी ठाण्यालाच एका ऑफिसात टायपिस्ट होते. एका शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले ती सरळ त्याच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “मला ती गाडी चालवायला शिकवा.” त्याचा चेहरा असा झाला, जणू मी किडनी मागितली. पण नाही म्हणाला नाही.

कोपरला खाडीच्या बाजूला तेव्हा मोकळं रान होतं. शिकवणारा मागे बसतो अशी जगाची रीत, इथे मागे बसायला जागाच नाही. मग मी गाडीवर आणि मास्तर बाजूने धावत. “क्लच हळू सोडा! अहो, हळू! सोडा म्हणतोय!” पहिल्याच फेरीत त्याचा अहो-जाहोचा दम संपला. “अगं सोड! ब्रेक, ब्रेक दाब गं!” चिखलात मासे पकडणारी दोन माणसं जाळं टाकून आम्हालाच बघत बसायची. तिसऱ्या रविवारी मी तिसऱ्या गिअरपर्यंत पोचले आणि त्याच दिवशी खडीवरून घसरले. गाडी उजवीकडे आडवी, मी दोन हात पलीकडे, गुडघा सोलवटलेला.

तो धावत आला आणि त्याने आधी गाडी उचलली.

उजव्या बाजूची बॉडी मधोमध चिरली होती. तिच्यावरून हात फिरवत तो उभा, आणि मी मातीत. “कळलं,” मी ओरडले, “मुलगी कुठे बसणार ते कळलं. मातीत!” तो काहीतरी बोलत मागे आला, पण मी रिक्षात बसले आणि सगळा रस्ता रडले. घरी सांगितलं, जिन्यावरून पडले. मनातून ते स्थळ मी खोडून टाकलं.

पुढच्या रविवारी तो आमच्या दारात. चालत आलेला, एकटा, दाढी वाढलेली. दारातच मला म्हणाला, “गुडघा कसाय?” वडिलांनी भुवया उंचावल्या. मी उत्तर न देता आत गेले. मग त्याने खिशातून कागद काढला. गाडीचं रेखाटन होतं, मापं टाकलेलं. “शेपूट कापतो,” तो वडिलांना म्हणाला. “मागे सीट बसवतो.” आवाज असा की ऐकवेना.

वडील खूश. “आलात शेवटी वळणावर!”

स्वयंपाकघरात मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वडील जिंकले होते, तो हरला होता आणि मी जन्मभर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन मागे बसणार होते. तीन रविवार काय त्यासाठी पडले-झडले? मी तशीच बाहेर आले.

“काही कापायचं नाही.”

“मग तू बसणार कुठे?” वडील म्हणाले.

“पुढे. मला चालवता येते.”

आई मटकन खाली बसली. वडिलांनी त्याच्याकडे बोट केलं. “आणि हे?”

मीही त्याच्याकडे बघितलं. त्याने कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली. ज्याने सख्ख्या भावालाही त्या गाडीला हात लावू दिला नव्हता, तो माणूस म्हणाला, “मी येईन की मागून रिक्षाने.”

मागणी घालायची ही काय रीत झाली? पण मी वडिलांच्याही आधी हो म्हणून मोकळी झाले.