हस्तिदंती गाडीवरचा डाग

एक अपराध मी चार वर्षे लपवला. पत्नीलाही सांगितला नाही.

येथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत, आमच्या इमारतीमागे सत्तरी उलटलेल्या एका मेकॅनिकचे गॅरेज आहे. तेथे हस्तिदंती रंगाची, दोनच आसनांची इटालियन स्पोर्ट्स कार असते. साठच्या दशकात कारागिरांनी तिचा पत्रा हाताने ठोकून घडवला. पहिला मालक तिकडचाच एक डॉक्टर. पुढे जपानमध्ये पैसा उतू जात होता तेव्हा ती जहाजाने योकोहामाला आली. ते दिवस सरल्यावर एका गोदामात धूळ खात पडली. या मेकॅनिक आजोबांनी तिला तेथून सोडवले. हा सारा इतिहास त्यांनी एका वहीत लिहिला आहे, प्रत्येक ओरखड्याच्या कारणासह. रंग मूळचाच, म्हणून तो त्यांनी कधी बदलला नाही.

आठवडाभर संगणकावर काम करणारा मी रविवारी त्यांच्या हाताखाली असे. "हा पाना आहे, माऊस नव्हे. जरा जोर लावा!" ते म्हणत, आणि मग स्वतःच चहा करून देत.

आमची येथे गाडी नाही. एका दसऱ्याला न राहवून मी पूजेचे तबक गॅरेजात नेले. आजोबा बाहेर गेले होते. बॉनेटवर ओल्या कुंकवाचे बोट टेकवले, हात जोडले. पुसायला गेलो तर जुन्या रंगात केशरी डाग मुरलेला. मी तबक पिशवीत दडवून घरी आलो.

पुढच्या रविवारी आजोबा डागाजवळ बराच वेळ वाकून उभे होते. वहीत त्यांनी लिहिले, 'कारण अज्ञात'. मी शेजारीच होतो.

या वसंतात ते म्हणाले, "गाडी ओसाकाच्या एका गृहस्थांना देतो आहे."

"का? तुमचा जीव आहे तिच्यात."

"म्हणूनच. तो डाग आठवतो? माझ्याच हातून काहीतरी सांडले असणार, आणि मला आठवतही नाही. अशा हातांनी तिला शिवू नये."

चार वर्षे ते स्वतःच्या हातांवर संशय घेत होते, आणि मी त्यांनी केलेला चहा पीत होतो. मी उभा राहिलो, कमरेतून वाकलो.

"तुमच्या हातून काहीही सांडले नाही. तो डाग मी पाडला. आमच्या सणाला गाडीची पूजा करून कुंकू लावतात; तुम्हाला न विचारता मी ते लावले. तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि मी गप्प बसलो. मला क्षमा करा."