कुलपाचा पासपोर्ट फोटो

पासपोर्ट-मावशींचं खरं नाव विचारलं, तर त्यांच्या यजमानांनाही क्षणभर आठवावं लागेल. जन्मभर त्यांनी लोकांचे पासपोर्ट फोटो काढले. "हनुवटी वर, हसू नका," हे त्या झोपेतही म्हणतात, असं यजमान सांगतात. ते ऐकून झोपेतच आपली हनुवटी वर जाते, हे मात्र सांगत नाहीत.

घरोघरी मोबाईल आले, स्टुडिओत माशा उडायला लागल्या. तेव्हा मावशींनी मागच्या वस्तीतल्या पोरी गोळा केल्या. वस्तीचं शौचालय 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावून कुलूपबंद केलेलं. अंधार पडेपर्यंत पोरी पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. तक्रार केली, की पालिकेचे साहेब पाटीकडे बोट दाखवायचे.

"हातात मोबाईल आहे ना? मग दाखवा जगाला!" मावशी म्हणाल्या.

पहिला व्हिडिओ बघून गल्लीची हसून मुरकुंडी वळली. सगळ्या पोरी ओळीत, ताठ, हनुवट्या वर. अन् कुलूप? ते त्यांच्या पाठीमागे दडलेलं!

"गाऱ्हाणं आहे की वर्गाचा फोटो?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही चहा टाका," मावशी फणकारल्या.

पण दुसऱ्या दिवशी वस्तीतली सगळ्यात बडबडी पोरगी, जिला सगळे रेडिओ म्हणतात, ती चक्क हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी नाही येणार आता. व्हिडिओत माझं तोंड बघून मुकादमानं आईला दम दिलाय. काम जाईल तिचं."

बिनचेहऱ्याचा फोटो मावशींनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. मग मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "तोंडं नकोतच! पासपोर्ट फोटो कुलपाचा काढू."

रोज सकाळी त्याच जागेवरून, नीट उजेडात, रेडिओनं कुलूप टिपलं. कुलपावर एका कोळ्यानं संसार थाटला होता. जाळं वाढत गेलं, वर पाटी तीच. सगळे तुकडे जोडून रेडिओनं खाली लिहिलं: 'दुरुस्तीचा कामगार रोज हजर आहे.'

तो व्हिडिओ असा फिरला, की साहेब स्वतः किल्ली घेऊन हजर. पोरी मावशींच्या पाठीमागे, मोबाईल तेवढे पुढे. साहेबांनी रुमालानं जाळं झटकलं, दार उघडलं आणि मोबाईलकडे बघून गोड हसले.

"साहेब, हनुवटी वर," मावशी म्हणाल्या, "हसू नका. आधी नळ सोडून दाखवा."