तिरडीपुरता रस्ता

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. पडवीत मधे परात, त्यात मोड आलेले वाल. माझ्या बायकोचा, चांगुणाचा, उजवा हात प्लास्टरमधे, म्हणून सोलत मी होतो आणि शिव्या ती देत होती. "अवं, दाना मोडतंय! नख लावा नुसतं. बैल हाव का तुमी?" रात्री बिरडं-भात खाऊन ती झोपली. पहाटे चहाला उठवायला गेलो तर गार. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हणतो, तो हात.

आमचं गाव दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीच्या काठाला. मी चौथी शिकलेला, मिठागरावर फावडं ओढलेला माणूस. शहर कसं वाढतं ते पुस्तकात काय लिहिलंय मला माहीत नाही. मी डोळ्यांनी बघितलं. आधी मिठागर बुजलं, मग भाताची शेतं. त्यावर टॉवर आले, टॉवरला रुंद रस्ता आला. नकाशात त्या रस्त्याला रंग आहे, आमच्या गावठाणाला नाही. आणि गावात आम्हीच एकमेकांचा गळा दाबला. एकानं जिना बाहेर काढला, दुसऱ्यानं बाल्कनी, तिसऱ्यानं भाडोत्र्यांसाठी खोल्या. मागच्या बाजूला टॉवरवाल्यांनी भिंत घातली. मसणात जायला एकच गल्ली उरली, आणि तिला एकच वळण, आमच्या घराच्या कोपऱ्यावर.

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची तिरडी त्या वळणावर अडकली. आमच्याच ओट्याला. तो ओटा चांगुणानं हट्टानं रुंद बांधून घेतलेला, सुकट वाळत घालायला. खांदेकरी पुढे झाले, मागे झाले, एकमेकांवर ओरडले. शेवटी भावाला उभा केला. मेलेला माणूस उभा केला की मान लुळी पडते, तोंड उघडतं. दोरी सुटली आणि तो माझ्या अंगावर आला. त्याची बायको, हिराबाय, दारातून बघत होती. स्वतःच्याच हाताला चावली, रक्त येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं पहार घेतली आणि ओटा फोडायला लागली. मी म्हटलं, "अगं, सुतक तरी फिटू दे."

"फिटंपरत दुसरा कोन मेला तर?"

एकटीनं फोडला. हाताची सालं निघाली. मला पहारीला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून तिला ते वेड लागलं. तिरडीएवढा बांबू तिनं पडवीत ठेवलेला. गावात कुठेही पाया खणला की ही बांबू घेऊन हजर. एक टोक स्वतः धरायची, दुसरं खणणाऱ्याच्याच हातात द्यायची आणि त्याला वळणावरून चालवायची. "बांबू वलला तर बांध. नाय वलला तर मी तुज्या खड्ड्यान बसतंय, वत माज्यावर सिमेंट." लोक हसायचे. म्हणायचे, काकी जिवंतपणी आमची मापं घेते. ती म्हणायची, "जिता मानूस कसाय जातंय. पोट आत घेल, आडवा होल. मेल्याला आंग चोरता येत नाय."

ती गोड बाई नव्हती, मी खोटं लिहिणार नाही. एका ठेकेदाराच्या माणसानं तिला खड्ड्यातून केसाला धरून ओढली, तर तिनं त्याचा कान दातात धरला आणि सोडला नाही. दोघांना सोडवायला चार जण लागले. ती तोंड पुसत मला म्हणाली, "खारट हाय. आपल्या मिठागरावरचा असंल." तो पाया मात्र हातभर मागे गेला.

मग माझ्या पुतण्यानं, दिनेशनं, भावाचं जुनं घर पाडलं आणि चार मजली इमारत बांधायला काढली. एक कॉलम नेमका वळणावर. चांगुणा बांबू घेऊन गेली, बांबू वळेना. ती म्हणाली, "दिन्या, खड्डा आत घे."

"काकी, जग कुठं गेलंय! गाडी बोलवायची, एसीवाली. डायरेक्ट ठाण्याला, विजेच्या भट्टीत."

"आन गाडी दारान येल कशी? तुज्या सासऱ्याच्या खांद्यावर बसून?"

सगळे गवंडी हसले. तो त्या हसण्यानंच बिथरला. ती खड्ड्यात उतरायला लागली तसा त्यानं तिचा हात धरून पिरगळला. हाड मोडलेलं मला आमच्या पडवीत ऐकू आलं. मी धावत जाऊन त्याच्या कानाखाली वाजवली. त्याच्या माणसांनी मला गटारात पाडून लाथा घातल्या. समोरच्या माळ्यावर भाड्याच्या खोलीच्या खिडकीत हिराबाय उभी होती. खाली आली नाही. मुलगा तिला चौथ्या मजल्यावर देवघर देणार होता.

चांगुणाचा हात प्लास्टरमधे गेला आणि इकडे कॉलम ओतून झाला. छातीएवढा, वर उघड्या सळ्या. ती पडवीतून त्याच्याकडे बघत बसायची. तरी वाल सोलले त्या दिवशी तिनं त्याचं नाव काढलं नाही.

सकाळी तिरडी बांधली, उचलली. वळणावर सळ्या आडव्या आल्या. पुढचे थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "उभी करा."

मी म्हटलं, "खाली ठेवा तिला."

गवंड्यांचा घण तिथंच पडलेला. पहिला घाव घातला तोच दिनेश धावत आला आणि त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. दात हलला. मी घण सोडला नाही. त्यानं फावडं उचललं. म्हणाला, "काका, म्हातारा म्हणून बघणार नाय." मी म्हटलं, "नको बघू."

तेवढ्यात हिराबाय खाली आली. तिनं त्याच्या हातातलं फावडं धरलं.

"आई, तू घरात जा."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली, सगळ्या गावासमोर. मग माझ्याकडे न बघता, खाली ठेवलेल्या चांगुणाकडे बघत म्हणाली, "नंबर माजा होता. हीच पुढं घुसली. घाला घाव, भावजी."

मी घातला. सिमेंट कच्चं होतं, ढेकळं पडायला लागली. सळ्या मोकळ्या झाल्या तशा गावातल्या चौघांनी त्यावर पाइप चढवून त्या भिंतीकडे वाकवल्या. दिनेश बसून होता, फावडं त्याच्या आईकडे. मी तोंडातलं रक्त थुंकलो, हात धुतले आणि पुढचा उजवा खांदा घेतला.

"सावकाश," हिराबाय म्हणाली.

आम्ही वळलो. कुठे लागली नाही.