दिराच्या बाटलीतलं काळं बटण

टेलर वहिनींनी सख्ख्या दिराच्या बाटलीत गुपचूप काळं बटण सरकवलं, अशी कुजबुज गल्लीभर होती. घरच्या भांडणाचा राग खेळात काढला म्हणे. बातमी निघाली औषधाच्या दुकानातून. तिथे खोकल्याच्या औषधाबरोबर अशा गोष्टी फुकट मिळतात.

वहिनी एरवी तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाची मापं घेणाऱ्या. सुटीच्या दुपारी मात्र कापडं बेतायच्या टेबलावर त्यांचा खेळ मांडला जाई. गोष्ट वहिनी सांगणार, तिच्यातली पात्रं खेळणारे चालवणार, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवणार. प्रत्येक पात्राची एक बाटली. चांगलं वागलं की पांढरं बटण, वाईट वागलं की काळं. काळी वरचढ झाली की पात्र वहिनींच्या ताब्यात जाई आणि खलनायक होऊन बाकीच्यांच्या मुळावर उठे.

सुरुवातीला घोळ झाला. औषधवाले आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाई पांढऱ्या बटणांसाठी दिसेल त्या भिकाऱ्याला मोहरा वाटत सुटले. गोष्टीतल्या गावाला भिकारी पुरेनात. तेव्हा वहिनींनी नियम उसवून पुन्हा शिवला. "काय केलंत ते राहू द्या. का केलंत ते सांगा. बटण त्याचं मिळेल."

दिराचं पात्र म्हणजे एक चोर, मुळातला भुरटा खिसेकापू. मोठ्या मायेनं दिरानं त्याला माणसात आणलं होतं. त्या दुपारी त्याची काळी-पांढरी बटणं बरोबरीत होती. गोष्टीतली खाण कोसळत असताना चोर पुन्हा आत शिरला आणि एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला पाठीवर घेऊन बाहेर आला. याच पहारेकऱ्यानं पूर्वी त्याला फटके मारले होते.

"का रे गेलास आत?" वहिनींनी विचारलं.

"दया आली, वहिनी."

"तुला? घरी पाण्याचा ग्लास उचलायची वेळ आली की कुठे जाते ती?"

"घरी फासे टाकायला मिळत नाहीत ना."

बाई खुदकन हसल्या. पांढरं बटण बाटलीत पडलं.

चहा झाल्यावर बाटल्या टेबलावर ओतल्या, तर दिराचं एक काळं जास्त.

"पांढरं पडताना मी स्वतः पाहिलंय," औषधवाले म्हणाले.

"मग पुन्हा मोजा," वहिनी म्हणाल्या. पुन्हा तेच.

"नियम तो नियम. घ्या वहिनी, चोर तुमचा," दीर म्हणाला आणि रिकामी बाटली त्यानं त्यांच्याकडे सरकवली.

पुढे औषधवाल्यांनी कितीदा खोदून विचारलं. वहिनींच्या तोंडात नेमक्या टाचण्या असत. गिऱ्हाइकं तिरकी बघत, तरी वहिनी ढिम्म. दिरालाच राहवेना. "मी सांगून टाकतो त्यांना."

"गप बस. मिरवलंस तर केलेलं वाया जाईल. ती बाही धर इकडे."

चहाच्या वेळी वहिनींनी दुकानातल्या आरशात पाहिलं होतं. पांढरं काढून काळं दिरानंच टाकलं. चोर म्हाताऱ्यासाठी आत गेला नव्हता; म्हाताऱ्याच्या कमरेला खजिन्याच्या किल्ल्या होत्या.