सुलभाताईंचे सहा ते आठ

किस्से जमवावे लागत नाहीत. कोटाच्या खिशात बसची तिकिटं साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एखाद्या दिवशी दुसरंच काही शोधताना मूठभर हाताला लागतात. हे जवळपास सगळे ग्लासगोमधल्या एकाच टेबलावरचे. वेळ शुक्रवार संध्याकाळ, सहा ते आठ. माणसं तीन: बत्तीस वर्षं बातमीदारी करूनही भांडायची खोड न गेलेला मी, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला रोहन, आणि निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर सुलभाताई.

सुरुवात सुलभाताईंमुळे झाली. त्यांचे यजमान गेले आणि लंडनजवळ मेडनहेडला राहणाऱ्या मुलाने, निखिलने, घरामागे त्यांच्यासाठी खोली बांधून घेतली. ग्लासगो आवरून ये, असा दर रविवारी फोन. ताईंना जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "दिवस जातो हो. सहा ते आठ कुठे ठेवावेत कळत नाही. त्या वेळेला हे घरी यायचे."

रोहनने माहिती पुरवली की इटलीत नेमक्या याच वेळेला लोक अपेरितिवो घेतात. जेवणाआधी एक हलकं, कडवट ड्रिंक, सोबत चार घास आणि गप्पा. नशा व्हावी म्हणून नाही, भूक लागावी म्हणून. इथेच, ग्लासगोच्या वेस्ट एंडला एक छोटा बार आहे, रेटिंग उत्तम आहे. रेटिंगवर माझा काडीचा विश्वास नाही, पण गेलो.

*

मोठ्या ग्लासात बर्फ आणि नारिंगी ड्रिंक आलं. ताईंनी एक घोट घेतला. "हा तर काढा आहे." दुसरा घोट घेतला. "पण बर्फातला काढा. चालेल."

मग मोइरा नावाची वेट्रेस ऑलिव्ह आणि टोमॅटो लावलेल्या पावाच्या चकत्या घेऊन आली. आम्ही तिघंही सवयीने म्हणालो, "नो नो, वी आर फाइन." ती "ओके" म्हणाली आणि बशी घेऊन चक्क शेजारच्या टेबलाकडे गेली. ते खात होते, आम्ही बघत होतो.

मी काउंटरवर जाऊन तिला सुनावलं की आमच्यात पहिला नकार हा नकार नसतो, ती प्रस्तावना असते. आग्रह करावा लागतो. तिने पॅड काढलं आणि शांतपणे विचारलं, "मग खरा नकार कितवा?"

बत्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. हा मात्र टेबलावर नेऊन मी ताईंना विचारला.

*

एकदा रोहन आम्हाला गावातल्या एका गच्चीवरच्या बारमध्ये घेऊन गेला. दारावर पाटी: 'अस्सल इटालियन अपेरितिवो'. ड्रिंक जॅमच्या बरणीत आलं, सोबत इवल्याशा बादलीत बटाट्याचे क्रिस्प्स. संगीत इतकं मोठं की ताईंनी मला दोनदा सांगितलेली गोष्ट मी अजून ऐकलेली नाही.

पाटीवर खोटं लिहिलेलं मला सहन होत नाही. मॅनेजरला बोलावलं आणि विचारलं, यातलं इटालियन काय ते दाखवा. त्याने डोक्यावरच्या भल्यामोठ्या छत्रीकडे बोट केलं. तेवढ्यात ग्लासगोचा वारा आला आणि छत्री उलटी होऊन शेजारच्या गच्चीवर गेली.

"आता काहीच नाही," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून आमचा नियम एकच: समोरच्याचं बोलणं ऐकू येईल तिथेच बसायचं. आम्ही मोइराकडे परतलो.

*

ऑलिव्ह ताईंना खारट लागायचे. एका शुक्रवारी त्यांनी पर्समधून भाजणीच्या चकल्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, ही सूचना बरोबर त्यांच्या डोक्यावर. मालक आमच्याकडे निघालेला मी पाहिला आणि ग्राहकहक्कांवरचं भाषण मनात जुळवून उभा राहिलो.

तो तोंड उघडणार, तोच ताईंनी डबा पुढे केला. त्याने एक चकली खाल्ली. मग दुसरी. मग खुर्ची ओढून बसला आणि ड्रिंकबरोबर कुरकुरीत आणि तिखट काय काय जातं यावर दोघं अर्धा तास बोलले. मी उभाच. माझं अख्खं भाषण वाया गेलं.

*

या मेमध्ये निखिल स्वतः आला. आईचा निर्णय घेऊनच परत जायचं, असं ठरवून. ताईंनी त्याला घरी न बसवता थेट बारमध्ये आणलं. मी सहा प्रश्न लिहून तयार होतो. पहिलाच टाकला: आईची इच्छा विचारलीस का?

त्याचं मराठी इथेच वाढलेलं. "काका, तो रूम तयार आहे, हीटिंग पण लावला. ती इकडे एकटी असते. सकाळी फोन वाजला की मला भीती वाटतो."

उरलेले पाच प्रश्न मी खिशात घातले. रोहनने ऑलिव्हची बशी निखिलपुढे सरकवली. मोइराने न विचारता ताईंचं ड्रिंक आणून ठेवलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

"आई," निखिल हळू आवाजात म्हणाला, "मग कधी येते तू?"

ताईंनी एक घोट घेतला. त्याच्या गालावरून हात फिरवला.

"येते की. सोमवारी येते," त्या म्हणाल्या. "गुरुवारचं परतीचं तिकीट काढ."