मोहन्याच्या पिकअपचं मिसिंग

माझ्या गॅरेजमध्ये लिंबू-मिरचीसुद्धा टांगलेली नाही. दर शनिवारी एक माणूस टांगायला येतो, मी त्याला चहा पाजून परत पाठवते. ह्या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचते आणि अर्ध्याअधिक लोकांना मनातल्या मनात "आधी वायरिंग चेक करा" असं सांगून मोकळी होते. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय... हसा खुशाल.

मी मनीषा. डोंबिवलीला एमआयडीसीच्या बाजूला आमचं गॅरेज आहे, मूळ बाबांचं. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ते आणि आई आता ठाण्याला, वर्तकनगरमध्ये माझ्या भावाकडे असतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतं ते सांगता येत नाही. आम्ही मात्र हळूहळू धरूनच चाललो की काही समजत नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगते. बाबा गाडीखाली झोपून काम करायचे आणि मी कॅबिनमध्ये चावीवर बसायचे. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून ते खालून पान्याने चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकायचे. एक ठोका — चालू कर. दोन — रेस दे. तीन — बंद कर आणि खाली येऊन बघ. तीन ठोक्यांना उशीर झाला की गिऱ्हाइकासमोर माझी शोभा व्हायची.

तर चैत्रातली गोष्ट. बुधवारी सकाळी कल्याणजवळच्या मोहने गावचे गजाननदादा त्यांची जुनी डिझेल पिकअप घेऊन आले. भाजीची गाडी, बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक.

"पोरी, गारी उभी केली का नुसती थरथरते बघ. रविवारी एकवीरेला जावाचं हाय. घरची सगली मानसं मागं बसनार, माजी म्हातारी पन. घाटात दगा नको."

"दादा, दोन तासांचं काम," मी म्हटलं. काय तो माझा कॉन्फिडन्स!

चालताना गाडी मस्त. उभी राहून स्लोवर आली की मिसिंग... म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. अशा वेळी एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघायचा. चांगल्या सिलिंडरचा ढिला केला की इंजिन अजून बसतं, मंदावतं. ज्याचा ढिला करूनही फरक पडत नाही, तो चोर. इथे चारही करून बघितले, चारही वेळा इंजिन बसलं. म्हणजे चोर नाहीच! मग डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, नोझल टेस्टिंग करून आणले, टॅपेट सेट केले, इंजिनखालची रबरं बदलली. गुरुवारी संध्याकाळी गाडी तशीच थरथरत होती. आमचे जुने मेकॅनिक इरफानभाई हात पुसत म्हणाले, "मॅडम, ये गाडी मजाक कर रही है."

त्याच संध्याकाळी आईचा फोन. "अगं, ह्यांनी नुसता वीट आणलाय. कालपासून डाव्या हाताने कॉटच्या दांडीवर चमचा आपटत बसलेत. चमचा काढून घेतला तर अंगठी आपटतात."

मी बॉनेटमध्ये डोकं घालून होते. म्हटलं, "डॉक्टरांना विचार ना आई, मी ठेवते."

शुक्रवारी दुपारी दादा परत आले. "जाव दे गो, चालते तशी नेतो. एकवीरा आई बघून घेल." मलाही वाटलं, देऊन टाकावी. पण गाडीपुढे हरणं माझ्या जिवावर येतं. शेवटचं एकदा म्हणून कॅबिनमध्ये बसले, स्लोवर सोडली आणि डोळे मिटून झटके मोजायला लागले. एक सिलिंडर खराब असेल तर झटका एकसारखा येत राहतो. हे काहीतरी भलतंच होतं. तीन झटके... मग एकदम गप्प, इंजिन लोण्यासारखं. परत तीन. परत गप्प. तीन. गप्प.

माझ्या हाताने चावी बंद केली. मी नाही हो — हाताने! इतक्या वर्षांची सवय. इंजिन थांबलं आणि मग माझं मला कळलं की मी काय केलं.

बंद कर आणि खाली येऊन बघ.

"काय झालं गो?" दादा विचारत होते. मी सरळ खाली घुसले. इंजिनखाली दोन दिवस काढलेलेच, म्हणून मागे मागे सरकत गेले. मागच्या डाव्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, हँगर चासीला जिथे धरतं, तिथे चिखलाचा जाड थर होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला. आत जुनं वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांब तडा. स्क्रूड्रायव्हरचं टोक सरळ आत गेलं. मागे एवढी माणसं, त्यात त्यांची म्हातारी आई, आणि घाटात हे तुटलं असतं तर...

दादांना वाकून बघायला लावलं. त्यांचा चेहराच उतरला.

"हा तं तुझे बापानं जोरलेला! लय वर्सां झाली. मना बोललेले, हे तात्पुरतं हाय, आठ दिवसांनी ये, नवीन टाकू. मी म्हनलं चालतंय तं कशाला... इसरलो गो मी."

आपल्याकडे तात्पुरतं वेल्डिंग म्हणजे जन्माचं वेल्डिंग. मला ह्याबद्दल कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

नवीन हँगर बसवलं. इंजिनला बोटसुद्धा लावलं नाही. चालू केली आणि... काय सांगू! शिवणाच्या मशीनसारखी चालली. इरफानभाईंनी बॉनेटवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवला, थेंब सांडला नाही. त्यांचं म्हणणं, तड्यामुळे अख्खी गाडी थरथरत असणार. असेल. पण झटक्याबरोबर सायलेन्सरचा आवाजही तुटायचा, म्हणजे इंजिनच अडखळायचं, ते कसं? त्यावर त्यांनी ग्लास उचलून पाणी पिऊन टाकलं.

दादांची मंडळी रविवारी सुखरूप जाऊन आली. सोमवारी गॅरेज बंद, म्हणून एकवीरेचा प्रसाद घेऊन मी वर्तकनगरला गेले. आईला सहज विचारलं, बाबा अजून आपटतात का?

"नाही गं, शुक्रवारी दुपारीच थांबले. तेच सांगायला फोन केलेला, तू कुठे उचललास!"

मोबाइल काढून तिचा मिस्ड कॉल बघितला. शुक्रवार, एक वाजून दहा. मी तेव्हा गाडीखाली होते.

"कसे आपटायचे, दाखव."

आईने टेबलावर बोटाने वाजवलं. तीन. गप्प. तीन. गप्प.

मी घरी ह्या गाडीचं नावही काढलेलं नव्हतं. दादांना वर्तकनगरचा पत्ता माहीत नाही. भावाला पिकअप आणि टेम्पोतला फरक कळत नाही. सगळं तपासलं, चार पाइप तपासले तसंच. इथेही चोर सापडला नाही.

बाबा खिडकीकडे बघत पडलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, मोहन्याच्या पिकअपला नवीन हँगर टाकलं. घाट चढून-उतरून आले सगळे." मग काय वाटलं कोण जाणे, टेबलावरचा चमचा उचलून कॉटच्या दांडीवर एकदाच वाजवला.

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, नीट, पूर्वी कॅबिनकडे बघायचे तसं. आणि डाव्या हाताची अंगठी दांडीवर आपटली. दोनदा. रेस दे!

मी तिथेच रडले. दोन वर्षं तो माणूस आत चालू होता आणि आम्ही त्याला बंद समजून बसलेलो.

इंजिन का थरथरत होतं, ते मला अजून माहीत नाही. इथे कोणी जाणकार असेल तर सांगा, खरंच ऐकायचंय. आईला मात्र मी बजावून आलेय — बाबांच्या हातातला चमचा काढून घ्यायचा नाही.